टाकी आगीत किती वेळ टिकते? गावाच्या हातातल्या मिनिटांचा हिशेब



महामार्गाच्या कडेला ज्यांच्या जमिनी आहेत त्यांना गॅसचे टँकर काही नवे नाहीत. दिवसरात्र त्यांची ये-जा चालू असते. ढाब्यासमोर ते तासन्‌तास उभे असतात आणि त्यांच्याच सावलीत आपली माणसे एसटीची वाट बघत बसतात. भीती वाटत नाही, कारण रोजचे झाले आहे.

२० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूरजवळ भांक्रोटा येथे काय झाले ते आपण वाचले आहे. अजमेर महामार्गावर वळण घेणाऱ्या गॅसच्या टँकरला ट्रकने धडक दिली. टँकरच्या तोट्या तुटल्या, गॅस रस्त्यावर पसरला आणि क्षणात पेटला. मागे-पुढे अडकलेली वाहने जळाली, त्यात प्रवाशांची बसही होती. डझनाहून अधिक माणसे प्राणाला मुकली.

अशी बातमी आली की पारावर एकच प्रश्न निघतो, "टँकरला आग लागली तर तो किती वेळ दम धरतो हो?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. ते उत्तर शास्त्रज्ञांनी आधी खरोखरच्या टाक्या जाळून आणि नंतर संगणकावर हिशेब मांडून काढले आहे. ते मिनिटांत आहे, म्हणून सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि कोतवाल यांनी ते माहीत करून घेतले पाहिजे. कांदा पिकवणाऱ्यांचा याच्याशी निराळाही संबंध आहे, तो पुढे सांगतो.

टाकी आगीत का फुटते?

आता बघा, चुलीवर कोरडे पातेले ठेवले तर थोड्याच वेळात त्याचा बूड लाल होतो. त्यात पाणी असेल तर मात्र पाणी संपेपर्यंत पातेल्याला काही होत नाही, कारण लागलेली उष्णता पाणी ओढून घेते.

गॅसच्या टाकीचेही तसेच आहे. टाकीत गॅस दाबाखाली द्रवरूपात भरलेला असतो आणि वरचा थोडा भाग वाफेचा असतो. खाली आग पेटली की द्रवाला टेकलेला पत्रा बराच काळ थंड राहतो. वाफेकडच्या कोरड्या पत्र्याला मात्र कुणाचा आधार नसतो, तो तापत जातो. साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे पोलादाची निम्म्याहून जास्त ताकद गेलेली असते. म्हणजे एकीकडे आतला दाब वाढतो आणि दुसरीकडे पत्रा नरम पडतो.

तुम्ही म्हणाल, सुरक्षा झडप असते ना? असते. दाब वाढला की ती उघडते आणि गॅस बाहेर सोडते. पण जितका गॅस बाहेर जातो तितकी आतली पातळी खाली जाते आणि कोरडा पत्रा वाढतो. झडप दाब आवरते, पण पत्र्याला वाचवत नाही. शेवटी टाकी उभी फाटते. दाबाखाली असलेला सगळा द्रव एकदम उकळतो, त्याची कित्येक पट वाफ होते आणि ती पेटून आगीचा प्रचंड गोळा उठतो. टाकीचे तुकडे शेकडो मीटर फेकले जातात.

जाळून पाहिलेल्या टाक्या

हे ज्ञान माणसाच्या जिवाच्या किमतीवर आले आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या क्रेसेंट सिटी या लहानशा गावात २१ जून १९७० रोजी रेल्वे घसरली आणि प्रोपेन गॅसच्या वाघिणी एकापाठोपाठ एक फुटल्या. ५ जुलै १९७३ रोजी ॲरिझोना राज्यातील किंगमन येथे वाघीण रिकामी करताना आग लागली. साधारण वीस मिनिटांत वाघीण फुटली आणि पाणी मारण्याच्या तयारीत असलेले ११ अग्निशामक दगावले. जवळच्या रस्त्यावर जमलेले बघेही भाजले.

त्या काळात अमेरिकी सरकारने न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्सच्या चाचणी मैदानावर पूर्ण आकाराच्या, सुमारे सव्वा लाख लिटरच्या गॅस वाघिणी इंधनाच्या डबक्यात उभ्या करून पेटवल्या. उघडी, विनावेष्टनाची वाघीण सुमारे साडेचोवीस मिनिटांत फुटली. उष्णतारोधक वेष्टन चढवलेली वाघीण दीड तासाच्या वर टिकली. गॅस तोच, आग तशीच. फरक वेष्टनाचा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. जर्मनीत १९९९ मध्ये एक चतुर्थांशाहून कमी भरलेली प्रोपेनची वाघीण अशीच जाळून पाहिली. ती वीस मिनिटांच्या आत फुटली. "टँकर रिकामाच चाललाय, काही होत नाही" असे ढाब्यावर म्हणणाऱ्यांनी हे ऐकावे. गॅस कमी म्हणजे कोरडा पत्रा जास्त.

संगणक नेमके काय करतो?

प्रत्येक प्रकारची टाकी अशी जाळून पाहणे कुणाला परवडणार? म्हणून चाचण्यांतून मिळालेले आकडे घेऊन संगणकाचे कार्यक्रम तयार झाले. अमेरिकेत रेल्वे वाघिणींसाठी १९८० च्या दशकात 'ॲफटॅक' नावाचा कार्यक्रम बनला.

त्याचे काम समजायला अवघड नाही. सोसायटीच्या सचिवाने जमाखर्च लिहावा तसा हा उष्णतेचा जमाखर्च आहे. आगीतून किती उष्णता आली, वेष्टनाने किती अडवली, पत्रा किती तापला, द्रवाने किती घेतली, दाब किती झाला, झडपेतून किती गॅस गेला आणि आत किती उरला, हे सगळे क्षणाक्षणाला मांडायचे. शेजारच्या रकान्यात त्या तापमानाला पत्र्याची ताकद किती उरली ते लिहायचे. ज्या क्षणी दाब ताकदीच्या वर गेला, त्या क्षणी टाकी फुटली असे धरायचे.

या हिशेबाच्या जोरावर कायदाही उभा आहे. अमेरिकेत ठरावीक धोकादायक वायूंच्या रेल्वे वाघिणींना डबक्याच्या आगीत १०० मिनिटे आणि भोकातून फवाऱ्यासारख्या येणाऱ्या ज्वाळेत ३० मिनिटे टिकेल असे संरक्षण असावे लागते. डबक्याची आग ८७१ अंशांची धरतात आणि ज्वाळेची झोत १२०४ अंशांची. उत्पादकाला हे गणिताने सिद्ध करून दाखवता येते.

हा नियम तिथल्या रेल्वेचा आहे, हे विसरू नका. आपल्या रस्त्यांवर धावणारा गॅस टँकर सहसा नुसत्या रंगवलेल्या पोलादी टाकीचा असतो. म्हणजे त्याचा हिशेब १०० मिनिटांशी जुळत नाही, चोवीस मिनिटांच्या उघड्या वाघिणीशी जुळतो. रस्त्यावरची टाकी आकाराने लहान असते, त्यामुळे तेवढी मिनिटेही हातात आहेत असे धरून चालू नये.

लासलगावची शिशाची पेटी

आता कांद्याकडे येऊ. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले 'कृषक' विकिरण केंद्र २००२ मध्ये सुरू झाले. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तिथे त्याला अल्प मात्रेत किरण देतात. २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या आंब्यावरही तिथे प्रक्रिया झाली. किरण दिलेला कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही, तेव्हा खायला काही धोका नाही.

हे किरण येतात कोबाल्ट-६० या धातूपासून. त्याची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून ठरावीक काळाने नवा कोबाल्ट भरावा लागतो. तो राजस्थानातील कोट्याहून रस्त्याने आणावा लागतो. म्हणजे तो कुणाच्या तरी गावावरून, कुणाच्या तरी बांधालगत जातो. "अणूची गाडी आली" अशी आवई उठते ती इथूनच.

खरी परिस्थिती अशी आहे. कोबाल्ट हा घन धातू आहे. तो स्टेनलेस स्टीलच्या दुहेरी बंद नळ्यांत असतो. तो गॅससारखा उडत नाही आणि त्याचा स्फोटही होत नाही. त्याचे किरण अडवण्यासाठी नळ्या कित्येक टन वजनाच्या, जाड शिसे भरलेल्या पोलादी पेटीत ठेवतात. अवघड भाग हा की शिसे ३२७ अंशांना वितळते आणि डिझेलच्या आगीत तापमान त्याच्या दुप्पट-तिप्पट जाते. शिसे वितळून पाझरले तर पेटीच्या भिंतीत पोकळी पडेल आणि त्या बाजूने किरण बाहेर येतील.

म्हणून अशा पेट्यांसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने कसोटी घातली आहे आणि आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ त्याच धर्तीवर मंजुरी देते. पेटी ९ मीटर उंचीवरून कठीण पृष्ठभागावर टाकायची. मग एक मीटरवरून १५ सेंटिमीटर जाडीच्या पोलादी खुंटावर टाकायची. आणि अशी मार खाल्लेली पेटी ८०० अंशांच्या आगीत ३० मिनिटे ठेवायची. आधी आदळायचे आणि मग जाळायचे, हा क्रम मुद्दाम आहे. अपघातही त्याच क्रमाने होतो.

इथे संगणकाने शिकवलेला एक धडा मोलाचा आहे. आग विझली म्हणजे पेटीतले तापमान उतरायला लागले, असे नाही. जाड भिंतीत शिरलेली उष्णता पुढेही आत सरकत राहते आणि आतल्या भागाचे सर्वात जास्त तापमान आग विझल्यानंतर येते. चुलीखालून जाळ ओढून घेतला तरी तापलेल्या तव्यावर भाकरी भाजत राहते, तसेच हे. म्हणून कसोटीत तीस मिनिटांवर हिशेब थांबवत नाहीत. पेटी आपोआप निवेपर्यंत तो चालू ठेवतात.

तीस मिनिटे पुरतात का?

शहाणा माणूस विचारील, आग तीस मिनिटांनी विझेल असे कुणी लिहून दिले आहे? हाच प्रश्न अमेरिकेत उठला. १८ जुलै २००१ रोजी बाल्टिमोर शहराखालच्या रेल्वे बोगद्यात मालगाडी घसरली. ट्रायप्रॉपिलीन नावाच्या ज्वलनशील द्रवाची वाघीण फुटून पेटली. मोठी आग काही तास चालली आणि धुमसणे त्यानंतर काही दिवस. गाडीत अणुइंधनाची पेटी नव्हती. पण ती असती तर?

तिथल्या राष्ट्रीय मानके संस्थेने ती आग संगणकावर पुन्हा पेटवली. आपण शेतात वाफे पाडतो तसे बोगद्यातल्या हवेचे लहान लहान घनाकार वाफे पाडले आणि प्रत्येकातली उष्णता, धूर आणि हवेची हालचाल मोजली. हा कार्यक्रम विश्वासार्ह आहे का, हे आधी वेस्ट व्हर्जिनियातील एका जुन्या बोगद्यात केलेल्या खऱ्या आगींच्या नोंदींशी ताडून पाहिले. ज्वाळेजवळ तापमान १००० अंशांच्या आसपास गेले असावे, असे उत्तर आले. मग त्याच आगीत, संगणकावरच, अणुइंधनाच्या तीन प्रकारच्या पेट्या ठेवून पाहिल्या. काही पेट्यांच्या झाकणाच्या रबरी-धातूच्या चकत्यांनी तापमानाची मर्यादा ओलांडली. पण बाहेर काही आलेच तर ते नियमातल्या मर्यादेच्या आतच राहील, असा निष्कर्ष निघाला.

यातून पेटी मजबूत आहे एवढाच अर्थ काढू नका. तीस मिनिटांची कसोटी म्हणजे हमी नव्हे, ती किमान पायरी आहे. तिच्यापुढे काय होते हे कुणीतरी विचारले, म्हणून कळले. ज्या पेटीला आपण सर्वात जास्त भितो, तिच्यासाठी इतके प्रश्न विचारले गेले. ज्या गॅस टँकरच्या सावलीत आपण बसतो, त्याच्यासाठी गावाने आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही. ही उलटी गंगा आहे.

हिशेब कुठे चुकतो?

आम्ही कृषी खात्यातली माणसे पिकाच्या उत्पादनाचा अंदाज काढतो. पावसाचा आकडा चुकला की अंदाज कोसळतो, हे तुम्ही जाणताच. संगणकाचेही तसेच आहे, पेरावे तसे उगवते. त्याने दिलेली मिनिटे ही शाबूत टाकीची आणि त्याला सांगितलेल्या आगीची असतात.

अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या वेव्हर्ली गावात २२ फेब्रुवारी १९७८ च्या रात्री रेल्वे घसरली. प्रोपेनच्या वाघिणीला मार बसला, पण ना गळती ना आग. दोन दिवस सगळे शांत होते. लोक निर्धास्त झाले. २४ तारखेला दुपारी ऊन चढले, आतला दाब थोडा वाढला आणि गॅस काढून घेण्याची तयारी चालू असतानाच चेपलेली वाघीण फाटली. १६ जण दगावले. त्यात गावचे पोलीसप्रमुख होते आणि अग्निशमन प्रमुखही. आगीतल्या १०० मिनिटांचा हिशेब तिथे कामाचाच नव्हता, कारण आगच नव्हती आणि टाकी शाबूत नव्हती.

जयपूरलाही तसेच झाले. टाकी तापून फुटण्याची वेळच आली नाही, त्याआधी तोट्या तुटल्या. पत्र्याचा हिशेब कितीही बिनचूक असला तरी तुटलेल्या तोटीचे उत्तर त्यात सापडत नाही. म्हणून उलटलेला टँकर शांत दिसला तरी तो सुरक्षित आहे असे कधीही समजू नका.

गावाने काय करायचे?

पहिले काम बिनखर्चाचे आहे. तालुक्याहून अग्निशमन बंब आपल्या फाट्यापर्यंत यायला किती मिनिटे लागतात ते मोजून ठेवा. बाजाराच्या दिवशी आणि पावसाळ्यात वेगळे मोजा. हा आकडा वीसच्या वर असेल, तर बंब येईपर्यंत टँकर थांबणार नाही हे धरून चाला. मग गावाचे काम आग विझवण्याचे नाही, माणसे हलवण्याचे आहे.

दुसरे म्हणजे अंतर. गॅसचा टँकर ज्वाळांत सापडला असेल तर सर्व दिशांनी १६०० मीटर, म्हणजे मैलभर, माणूस नको असे आपत्कालीन मार्गदर्शिका सांगते. टाकीच्या टोकाला धोका आणि बाजूला नाही, असे काही नसते. झडपेची शिट्टी चढत चालली किंवा टाकीचा रंग बदलू लागला की एक क्षणही थांबायचे नाही.

तिसरे, गॅस गळतोय पण पेटलेला नाही अशी वेळ. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो ओढ्यात, चारीत, विहिरीत साचतो. चुली विझवा, पंपाचा स्टार्टर दाबू नका, मोटरसायकल चालू करू नका. वाऱ्याच्या उलट दिशेला आणि उंचावर जा. जनावरांचे दावे सोडायला वेळ असेल तर सोडा, नसेल तर माणूस आधी.

चौथे, टँकरवरच्या फलकावरचा चार आकडी क्रमांक लांबूनच वाचा आणि ११२ ला कळवा. १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १२०३ म्हणजे पेट्रोल, १००५ म्हणजे अमोनिया. हा एक आकडा कळला तर येणारा बंब योग्य तयारीने येतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हे तीन क्रमांक रंगवून घ्यायला कितीसा खर्च येतो?

पाचवे, किरणोत्साराचे तीन पाकळ्यांचे चिन्ह असलेली पेटी अपघातात सापडली तर तिला हात लावू नका आणि भंगार समजून काही उचलू नका. निदान २५ मीटर लांब राहा. गाडी पेटली असेल तर ३०० मीटर लांब जा आणि ११२ ला कळवा. त्यासाठी अख्खे गाव सोडून पळण्याची गरज नाही.

सहावे, सांडलेल्या इंधनासाठी बादल्या घेऊन धावू नका. पाकिस्तानात बहावलपूरजवळ अहमदपूर शर्किया येथे २५ जून २०१७ रोजी उलटलेल्या टँकरचे तेल भरायला गेलेली दोनशेहून अधिक माणसे जळून गेली. चार लिटर तेलापायी घरेच्या घरे उठली.

राहिला प्रश्न वरच्या पातळीचा. नेदरलँड्समध्ये रस्त्यावरच्या गॅस टँकरना उष्णतारोधक लेप देतात. आपल्याकडे अशा टाक्यांवर २०१६ च्या नियमांखाली देखरेख ठेवणारी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना नागपूरलाच आहे, म्हणजे दूर नाही. लेप सक्तीचा का नसावा, हे ग्रामसभेच्या ठरावाने विचारता येते. ढाब्यांसमोर, शाळेच्या आणि वस्तीच्या कडेला टँकर उभे राहू नयेत, यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

टाकी किती मिनिटे टिकेल ते संगणक सांगतो. ती मिनिटे कशात घालवायची ते गावाने आधी ठरवावे लागते. किंगमनला वीस मिनिटे होती, ती बघ्यांनी बघण्यात घालवली. पुढच्या ग्रामसभेत पाणी, रस्ता, घरकुल हे विषय होतीलच. त्याच्या आधी पाच मिनिटे या विषयाला द्या आणि बंबाचा आकडा इतिवृत्तात लिहून ठेवा.